आधी अलीशिबा, मग मरीयेचं गाणं

प्रश्न असा आला आहे: "मावशी, सलाम. मी जुळे सोलापुरात राहते. आमच्या चर्चच्या मंडळीत दर गुरुवारी दुपारी महिलांची प्रार्थना असते. पंधरा-सोळा जणी येतात. साक्षीची, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायची, वेळ आली की त्याच दोघी उठतात, बाकीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघतात. मागच्या महिन्यात एका बहिणीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि घरातलं सांगितलं. चार दिवसांत ते तिच्या सासरच्यांच्या कानावर गेलं. ती आता येत नाही. पाळकसाहेबांनी यंदा ही जबाबदारी माझ्यावर टाकलीय. साक्षीचा भाग बंद करून नुसती गायनं आणि प्रार्थना ठेवावी का?"

सलाम, बाळा. बंद करू नकोस. पण येत्या गुरुवारी साक्ष ठेवूही नकोस. त्याआधी त्या बहिणीच्या घरी जाऊन ये.

एकटी जा. तिघी-चौघी मिळून गेलात तर तिला वाटेल चौकशीला आल्या. सासू घरी असेल तर जिन्यात, गच्चीवर, भाजी आणायच्या वाटेवर, जिथं ती मोकळी असेल तिथं भेट. आणि एवढंच म्हण: "तुझी गोष्ट आमच्यातून बाहेर गेली. मला माफ कर." कुणी सांगितलं ते शोधायच्या मागं लागू नकोस, त्यानं दुसरं भांडण उभं राहतं. त्या दिवशी "गुरुवारी ये हं" असंही म्हणू नकोस. माफी मागायला गेलीस तर माफी मागूनच परत ये.

हे मी ठामपणे सांगते, कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. मी एकतीस वर्षं नर्सची नोकरी केली आणि नोकरीतली शेवटची बारा व निवृत्तीनंतरची चौदा अशी सव्वीस वर्षं आमच्या मंडळीतल्या बायकांची ही बैठक सांभाळली. सुरुवातीच्या काळात एका बहिणीनं तिच्या मुलाला पोलिसांनी नेलं होतं त्या रात्रीची गोष्ट सांगितली. रात्रभर ती अंगणात बसून होती, आणि एकच स्तोत्र पुन्हा पुन्हा म्हणत होती. ती साक्ष माझ्या मनात इतकी रुतली की महिनाभरानं दुसऱ्या एका मंडळीच्या उपवास प्रार्थनेत मी ती सांगितली. नाव घेतलं नाही. पण "दोन मुलं, नवरा गिरणीत होता, घर रेल्वे लाईनकडं" एवढं बोलून गेले. सोलापूर केवढंसं, आणि त्यात आपले लोक केवढेसे! दुसऱ्याच आठवड्यात ती माझ्या दारात उभी राहिली. चिडली नाही. "सिस्टर, ती साक्ष माझी होती," एवढंच म्हणाली आणि गेली. पुढं दीड वर्ष ती बैठकीला आली नाही.

त्या वाक्यानंतर मी 'साक्ष' या शब्दाकडं नीट पाहिलं. तो मुळात डोळ्यांचा शब्द आहे. साक्षी म्हणजे ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो. कोर्टातसुद्धा साक्षीदाराला विचारतात, तू काय पाहिलंस? अमक्यानं मला असं सांगितलं, हे तिथं चालत नाही. मग देवाच्या घरात ते कसं चालेल? तेव्हापासून आमच्याकडं पहिला नियम हाच आहे की जिची गोष्ट तिनंच सांगायची. इथलं इथंच ठेवायचं. नवऱ्याला सांगायचं नाही, पाळकसाहेबांनाही तिला विचारल्याशिवाय नाही. कुणाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं नाही, आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर एक ओळसुद्धा नाही.

आणि एक वाट अशी आहे जी आपल्याला पाप वाटतच नाही, म्हणून ती जास्त घात करते. प्रार्थनेचा विषय! "अमकीसाठी प्रार्थना करा बरं का, तिच्या मालकांचं परत सुरू झालंय." डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि एका घराची अब्रू चार घरांत पोचलेली. तुमच्या त्या बहिणीचं बोलणं अशाच एखाद्या वाटेनं गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. कुणी वाईट हेतूनं नेलंही नसेल. म्हणून बायकांना हे स्पष्ट सांग, की दुसरीसाठी प्रार्थना करायची असेल तर नाव देवाला माहीत आहे. आपल्याला ते मोठ्यानं घ्यायची गरज नाही, तिनं स्वतः घ्या म्हटल्याशिवाय.

आता तुझा मूळ प्रश्न. बाकीच्या का बोलत नाहीत?

माझं उत्तर असं आहे की त्यांना बोलता येत नाही म्हणून नव्हे, त्यांना ऐकणारी मिळालेली नाही म्हणून. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढ. मरीयेला देवदूताचा निरोप मिळाला, की तुला मूल होणार. अंगावर केवढं संकट! लग्न व्हायचंय, गावाला काय सांगणार, योसेफाला काय सांगणार. ती उठते आणि घाईनं डोंगराळ मुलखात अलीशिबेकडं जाते. मरीयेचं स्तोत्र आपण सगळ्या नाताळाआधीच्या आगमनकाळात वाचतो, पण ते कधी आलं बघ. देवदूत समोर असताना नाही आलं. वाटेत नाही आलं. अलीशिबेच्या दारात आलं, आणि तेही अलीशिबेनं तिला "धन्य" म्हटल्यावर. म्हातारपणी सहा महिन्यांची गरोदर असलेली ती बाई, जिनं स्वतः कित्येक वर्षं लोकांचं बोलणं सोसलेलं, तिनं या पोरीला एकही उलटा प्रश्न विचारला नाही. आधी आनंदानं जवळ घेतलं. मग मरीयेच्या तोंडून गाणं फुटलं. आणि नंतर ती तिथं तीन महिने राहिली. मी तर म्हणते, बायकांची पहिली साक्षीची बैठक तीच. दोघींचीच.

तुमच्या बैठकीत मरीया पुष्कळ आहेत गं. अलीशिबा तयार करणं हे तुझं काम आहे.

हे ज्ञान मला पुस्तकातून नाही आलं. कुंभारीकडच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, एका बहिणीच्या घरी आम्ही तिघी प्रार्थनेला गेलो होतो. ती तेलुगू बोलणारी, मराठी मोडकं. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या मांडीवर सूप. बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, कात्री, पान मापानं कापायचा पत्र्याचा तुकडा, दोऱ्याचं रीळ. मी म्हटलं, थोडा वेळ काम बाजूला ठेव. ती म्हणाली, "हजार झाल्याशिवाय कसं ठेवू, सिस्टर?" मजुरी हजारावर असते, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, मग कर बाई, आम्ही बसतो. आणि आम्ही खरंच नुसत्या बसलो. पान घेतलं, चिमूटभर तंबाखू पसरली, दोन्ही हातांच्या बोटांनी वळली, नखानं तोंड मुडपलं, दोऱ्याचे वेढे दिले, तोडला. परत पान. मी दोरा तोडून द्यायला लागले. अर्धा-पाऊण तास कुणी कुणाशी फारसं बोललं नाही.

मग सुपातून नजर न उचलता ती बोलायला लागली. नवरा सोडून गेला त्या रात्री घरात ज्वारीचं पीठ मूठभर होतं, आणि दोन पोरं. तिनं देवाला म्हटलं, तू आहेस तर मला सकाळपर्यंत सांग, नाहीतर मी आता विचारणार नाही. सकाळी शेजारची मुसलमान बाई पिठानं भरलेला डबा घेऊन दारात. म्हणाली, मला रात्रभर झोप नाही लागली, सारखं तुझ्या पोरांचं रडणं कानात येत होतं. "आणि सिस्टर," ती म्हणाली, "पोरं त्या रात्री रडलीच नव्हती. झोपली होती."

एवढं सांगून तिनं पुढचं पान उचललं.

मी तिला विचारलं, इतक्या वर्षांत हे बैठकीत का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "विडी वळणारीनं काय साक्ष द्यायची? हाताला तंबाखूचा वास." मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. आमच्या बैठकीत तिला कुणी तसं म्हटलं नव्हतं. पण उठून, पुढं येऊन, सगळ्यांकडं तोंड करून, शुद्ध मराठीत बोलायचं, ही जी रीत आम्ही पाडली होती तिनंच तिला न बोलता सांगितलं होतं की ही जागा तुझी नाही.

तेव्हापासून आम्ही रीत बदलली. गोल बसतो, जमिनीवर, आणि हाताला काहीतरी काम ठेवतो. आपल्याकडं शेंगांना काय तोटा! उपकारस्तुतीच्या सणाला चटणी करून लिलावात ठेवायची म्हणून महिनाभर आधी शेंगा फोडायला घेतो. कधी उशांचे अभ्रे शिवतो, मेथी निवडतो. हात कामात असले की नजर खाली असली तरी चालते, गप्प राहिलं तरी अवघडत नाही, रडू आलं तर शेंगेकडं बघता येतं. आपल्या आज्या जात्यावर बसून जे बोलायच्या ते दिवाणखान्यात कधी बोलल्या असत्या का? आमच्यात एक आजी होत्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, साक्ष द्या म्हटलं की हात जोडून नको म्हणायच्या. एकदा शेंगा फोडता फोडता त्यांनी स्वतःची ओवीच म्हटली:

पहिली माझी ओवी,
येशूजीच्या पायी गं,
तापानं फणफणले,
उशाला तो जागा गं.

ही पूर्ण साक्ष आहे. चार ओळी. हिच्यात काय कमी आहे सांग.

"कोणाला साक्ष द्यायची आहे का?" हा प्रश्न आजपासून टाकून दे. त्या प्रश्नावर ज्यांना नेहमी द्यायची असते त्याच उठतात. त्याऐवजी लहान प्रश्न विचार, ज्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं. या आठवड्यात तुला धीर कुणाकडून मिळाला? कोणत्या रात्री झोप लागली नाही? कोणतं वचन वाचलं आणि पटलं नाही? हो, पटलं नाही असंही विचार. आणि सगळ्यांसमोर नको, आधी दोघी-दोघींत. एक बोलेल, दुसरी ऐकेल, पाच मिनिटांनी उलट. ऐकणारीनं मध्ये बोलायचं नाही, "माझ्याही जावेचं असंच झालं" म्हणायचं नाही, वचन सुचलं तरी लगेच सांगायचं नाही. पहिल्या चार-पाच गुरुवारी एवढंच कर. मोठ्या गोलात काही नको. ज्यांना दोघींत बोलून हलकं वाटलं त्यांच्यातलीच एखादी पाचव्या-सहाव्या आठवड्याला आपण होऊन म्हणेल, मी सगळ्यांना सांगू का? तिला सांगू दे.

ऐकणं म्हणजे काय ते मार्कच्या पाचव्या अध्यायात आहे. याईराची मुलगी मरायला टेकली आहे, प्रभू तिकडं निघालाय, गर्दी रेटतेय, आणि बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली बाई मागून येऊन वस्त्राला शिवते. ती बरी झाली होती. काम झालं होतं. तरी प्रभू थांबला. ती थरथरत पुढं आली आणि तिनं सगळं खरं खरं सांगितलं, असं लिहिलंय. बारा वर्षांचं सगळं! किती वेळ लागला असेल? याईर शेजारी उभा, त्याचा एकेक क्षण जातोय. आणि प्रभूनं तिला मध्ये तोडलं नाही. ऐकून झाल्यावर पहिला शब्द काढला तो "मुली". मी नर्स होते, गर्दीच्या ओपीडीत बाईचं बोलणं मध्येच तोडणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, मीही तोडलंय. म्हणून हा अध्याय माझ्या जवळचा.

आता साक्षीत काय असावं याबद्दल. आपल्याकडं एक साचा झालाय. आधी अंधार, मग प्रार्थना, मग चमत्कार, मग "प्रभूची स्तुती असो". ज्यांच्या आयुष्यात तिसरी पायरी आलेली नाही त्या गप्प बसतात. त्यांना वाटतं आपला विश्वास कमी पडला. मी स्वतः अशी सात-आठ वर्षं गप्प होते. माझा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि देवाचं नाव त्यानं सोडलं. घरी आला की जेवणाआधी आम्ही प्रार्थना करतो तेव्हा तो ताटाकडं बघत थांबतो. आदरानं थांबतो, पण डोळे उघडे. मी बैठकीत दुसऱ्यांना धीर देत राहिले आणि हे एकदाही बोलले नाही. एका गुरुवारी शेंगा फोडताना बोलले. काही घडलं नव्हतं, तो परत आलेला नव्हता, आजही आलेला नाही. मी म्हटलं, मी इतकी वर्षं एकच प्रार्थना करते आहे आणि उत्तर नाही, आणि तरी रोज सकाळी मला ती प्रार्थना करावीशी वाटते, हे कुठून येतं मला कळत नाही. क्षणभर सगळ्या थांबल्या. मग एक म्हणाली, "माझाही." दुसरी म्हणाली, "माझी मुलगी." तिसरी नुसती रडली. चौघी निघालो आम्ही! सोळा जणींच्या बैठकीत चौघी, आणि इतकी वर्षं एकमेकींच्या शेजारी बसून प्रत्येकीला वाटत होतं हे आपल्याच घरी आहे. आता आम्ही चौघी दर शनिवारी सकाळी फोनवर मिळून प्रार्थना करतो.

ज्याचा शेवट अजून झालेला नाही अशी साक्षही साक्षच असते. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच, ते अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. रूथच्या पुस्तकातली नामी नवरा आणि दोन्ही मुलं गमावून परत बेथलेहेमात आली तेव्हा तिनं बायकांना सांगितलं, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. बेथलेहेमच्या बायकांनी तिला गप्प केलं नाही. त्याच बायका शेवटच्या अध्यायात तिच्या मांडीवर नातू बघून देवाचा धन्यवाद करतात. म्हणजे त्या मधला सगळा काळ तिच्या आसपास होत्या.

उलट एली याजकाचं बघ. हन्ना मंदिरात ओठ हलवत रडत होती, आणि हा तिला म्हणाला, दारू पिऊन आलीस का? देवाच्या घरात, याजकाच्या तोंडून. बाई मोकळी होत असताना आपण पहिला शब्द चुकीचा काढला की काय होतं, ते त्या एका प्रसंगात आहे. एवढं मात्र एलीचं मानलं पाहिजे की हन्नानं सांगितल्यावर त्यानं आपलं बोलणं मागं घेतलं आणि तिला शांतीनं जा म्हटलं.

आपल्या मराठी बायकांनी तर या बाबतीत फार मोठा ठेवा ठेवलाय. आपल्याच पुणे लाईनवरच्या केडगावात राहून पंडिता रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहून काढली. बाप्तिस्मा त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये घेतलेला. पण त्या साक्षीत त्या स्वच्छ सांगतात की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला पुढं सुमारे आठ वर्षं गेली. इतकी मोठी विदुषी, जग जिला ओळखतं, तिच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या शेकडो मुली जिला आई मानतात, ती म्हणते की बाप्तिस्म्यानंतरही मला समाधान नव्हतं. हे वाचलं की आपल्यातल्या साध्या बाईला सांगायला बळ येतं. आणि लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, यांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत झाला, लक्ष्मीबाईंचा स्वतःचा १९०० साली. मधली पाच वर्षं त्या कशा तुटल्या, काही काळ आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात कशा राहिल्या, सोवळं-ओवळं मनातून कसं हळूहळू सुटत गेलं, हे सगळं त्यांनी घरातल्या बोलीत सांगितलं. नवऱ्यावरचा राग लपवला नाही. त्या दोघींपैकी कुणीही आधीच्या देवाधर्माची टिंगल करून स्वतःची साक्ष मोठी केली नाही, असं मला वाचताना जाणवलं.

तो मुद्दा आपल्यालाही लागू आहे. आपल्यातल्या कित्येक जणींच्या माहेरी आजही देव्हारा आहे. शेजारणी सिद्धेश्वराच्या यात्रेला जातात, तिथल्या गड्ड्याच्या जत्रेतून आपल्या मुलांना फुगे आणतात. साक्ष म्हणजे माझ्यासाठी प्रभूनं काय केलं ते. दुसरीच्या आईचा देव कसा खोटा, हे त्यात येण्याचं कारण नाही. पेत्राच्या पत्रात उत्तर देताना सौम्यता ठेवा म्हटलंय. एखादी वाहवत गेली तर मी तिचा हात धरते आणि म्हणते, "तुझं सांग, तुझं."

त्या नेहमी बोलणाऱ्या दोघींना दुखवू नकोस. त्यांच्यामुळेच आजवर ही वेळ टिकली. पण त्यांच्या घरी जा आणि मोठ्या मनानं मदत माग: "तुम्हाला बोलायचा सराव आहे, म्हणून दोन गप्प बहिणी तुमच्या पदरात टाकते, तुम्ही त्यांचं ऐका." आमच्याकडची अशी एक बाई, जिची एकच साक्ष आम्ही सगळ्यांनी पाठ केली होती, ती आज आमच्यातली सर्वांत चांगली ऐकणारी आहे.

भाषेचं सोपं आहे. जिला तेलुगू येतं तिनं तेलुगूत बोलावं, जिला कन्नड तिनं कन्नडमध्ये. शेजारची कुणीतरी थोडक्यात मराठीत सांगते. साक्ष हा शब्द तिन्ही भाषांत जवळजवळ तोच आहे, नुसता उच्चार बदलतो. तू दारात उभी राहून तेलुगू बहिणींना "वंदनालु" म्हटलंस तरी अर्धं अंतर मिटतं. मोडकं मराठी बोलायला लावून माणसाचं दुःख छोटं करू नये.

साक्ष झाली की काय करायचं, हेही ठरवून ठेव, कारण बहुतेक ठिकाणी इथंच बिघडतं. बाई बोलून थांबते आणि लगेच चौघी सल्ले सुरू करतात. आमच्याकडं आधी शांतता असते. मी मनात शंभरपर्यंत मोजते. मग एखादी जण एकच वचन वाचते, त्याचा अर्थ सांगत नाही. मग मी विचारते, "तुला आमच्याकडून काही हवंय का?" कधी उत्तर येतं, प्रार्थना करा. कधी येतं, मंगळवारी दवाखान्यात सोबत या. कधी, पोरीची फी भरायची आहे. ज्या उत्तराला हात-पाय हलवावे लागतात ते काम लगेच कुणीतरी अंगावर घ्यायचं. डबा कोण देणार, सोबत कोण जाणार, ते तिथंच ठरतं.

दोन ठिकाणी मात्र तुला कडक व्हावं लागेल.

एक, आजारपण. देव बरं करतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, मी वॉर्डात ते पाहिलंय. पण कुणी साक्षीत म्हणालं, "मी विश्वासानं गोळ्या बंद केल्या," तर तिथल्या तिथं प्रेमानं थांबव. ऐकणाऱ्यांत कुणी साखरेची रुग्ण असते, कुणाची बीपीची गोळी चालू असते, कुणी टीबीच्या सहा महिन्यांच्या औषधाच्या तिसऱ्या महिन्यात असते, जेव्हा बरं वाटायला लागलेलं असतं आणि औषध सोडलं की रोग आणखी जड होऊन उलटतो. त्या घरी जाऊन काय करतील, याची जबाबदारी आपल्यावर आहे. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला तेव्हापासून आपल्या लोकांनी प्रार्थना आणि औषध एकाच छपराखाली पाहिलंय. साक्षीत दोन्ही सांगावं. देवानं सांभाळलं, आणि गोळी चालू आहे.

दुसरं, मारहाण. एखादी सांगायला लागली की नवरा मारतो, आणि मी प्रार्थनेनं सहन करते, तर तिला सगळ्यांसमोर पुढं जाऊ देऊ नकोस. उठून तिच्याजवळ बस, "आपण दोघी नंतर बोलू" म्हण, आणि खरंच त्याच दिवशी बोल. तिच्या सोसण्याचं कौतुक कुणालाही करू देऊ नकोस. त्याच गोलात आणखी एक बसलेली असते, जी कुणाला न सांगता मार खाते, आणि ते कौतुक ऐकून ती आणखी दहा वर्षं गप्प बसते. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात, १८१ ही महिलांची हेल्पलाईन आहे, जिवावर बेतलं तर ११२. तिला निर्णय घ्यायला लावू नकोस, पण हे नंबर तिच्याजवळ असू देत आणि तिला रात्री ज्या दारावर थाप मारता येईल असं एक घर ठरलेलं असू दे. आमच्या मंडळीत ते घर माझं आहे.

बाकी वेळ, जागा या गोष्टी तुझ्या तू बघ. फक्त पाण्याचा दिवस टाळ. नळाला पाणी येणार त्या दुपारी बायका येत नाहीत, आल्या तरी अर्धं मन घागरीत असतं. आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिनाला सगळ्या मंडळ्यांच्या बायका एकत्र येतात, त्या दिवशी तुमच्यातल्या कुणाला पुढं करायची घाई या वर्षी करू नकोस. पुढच्या वर्षी बघू.

ती माझी बहीण, जिची गोष्ट मी बाहेर नेली होती, ती दीड वर्षानं परत आली. कुणी बोलावलं नव्हतं. मी त्याआधी तिच्या घरी चारदा गेले होते, दोनदा तिनं चहा दिला, दोनदा नाही. आली, कोपऱ्यात बसली, शेंगांचं पातेलं पुढं ओढलं. त्या दिवशी ती काही बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. जाताना तिनं फोडलेले दाणे माझ्या ओच्यात घातले.

तू बुधवारपर्यंत जाऊन ये. बुधवारी तुमच्याकडं पाणी असेल तर मंगळवारी जा, पण गुरुवारच्या आधी जा. आणि मला कळव, तिनं दार उघडलं का.